स्पॅनिशमधलं ‘देणं’

माद्रिदच्या रोसारिओबाईंनी लॅपटॉपच्या स्क्रीनवरून हाताने थांबवलं, तेव्हा साक्षीची गाडी सुसाट निघाली होती. नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. स्पॅनिशमध्ये ‘दार’ म्हणजे देणे. त्यावरून शब्द देणे, हात देणे, हूल देणे, सगळे वाक्प्रचार तिने धडाधडा म्हणून दाखवले होते.

“पाठांतर फक्कड आहे,” बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. “पण आमच्या कंपनीच्या ग्राहकांना जिवंत भाषा लागते. हेच ‘दार’ वापर आणि तुझ्या घरच्या कुणाबद्दल तरी बोल.”

घ्या! हे स्पॅनिशच्या क्लासमध्ये कुणी विचारलंच नव्हतं. पण घाबरेल ती साक्षी कसली!

घरचं माणूस पडद्याआडच उभं होतं. तिचे पप्पा, मल्हारी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून यंदाच निवृत्त झालेले. मुलाखतीत लुडबुड करणार नाही असं कबूल करून सारखे डोकावत होते. त्यांच्या लेखी स्पॅनिश म्हणजे नुसती थेरं. ही नोकरी मिळाली नाही, तर गुपचूप ओळखीतल्या राकेशच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासला बसायचं आणि क्लार्कची परीक्षा द्यायची, असा शब्दच त्यांनी तिच्याकडून घेतला होता. त्या क्लासच्या नुसत्या विचाराने साक्षीला रडू यायचं.

तिने पडद्याकडे पाहिलं आणि हसून सुरुवात केली.

“मी पापा मे दा ला लाता.” माझे पप्पा मला वैताग देतात.

रोसारिओबाई खळखळून हसल्या. पडद्यामागून खोकला ऐकू आला. ‘पापा’ कळायला स्पॅनिश कशाला यायला हवं?

“पेरो...” पण, असं म्हणून साक्षी पुढे बोलत राहिली. बारावीनंतर माझं लग्न उरकायला सगळे नातेवाईक घरात ठाण मांडून बसले होते. तेव्हा एकटे पप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले. अशा वेळी ते “दा ला कारा”. तोंड देतात, अगदी मराठीसारखंच. हा वाक्प्रचार तिला कधी पाठ करावा लागला नव्हता.

“दोन दिवसांत कळवतो,” म्हणत बाईंनी कॉल बंद केला.

मल्हारी लगेच बाहेर. “काय गं, माझ्या चुगल्या करत होतीस ना?”

“म्हटलं, माझे पप्पा लय वैताग देतात.”

“ते कळलं, ती बाई हसली तेव्हाच. पुढचं काय?”

“पुढचं काही नाही. असंच.”

“असंच? गळा भरून आला होता तुझा.”

साक्षीने डोळे पुसले. “निकाल आला की सांगते. आणि नाहीच झालं, तर बसते राकेशदादाच्या क्लासला. शब्द दिलाय ना.”

मल्हारींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग फोन स्पीकरवर टाकून राकेशला लावला.

“राकेश, आमच्या साक्षीची सीट धरून ठेवलीस ना? ती देऊन टाक दुसऱ्या कुणाला.”

“अरे वा काका! सिलेक्शन झालं का तिचं?”

“नाय अजून. पण त्या परक्या बाईच्या प्रश्नांना पोरीनं एकटीनं तोंड दिलं. मी बघितलं ना, पडद्यामागून.”