अंगठीत दिसू नये म्हणून

"माझ्या लेकाच्या बोटातली अंगठी तुमी काढली."

कस्तुराबाई हे उभ्यानं बोलल्या, साहेबांच्या टेबलाला दोन्ही हात टेकून. आवाज चढला नव्हता. पोरगा गेल्यापासून तेरा दिवसांत तो चढलाही नव्हता नि उतरलाही नव्हता. शेजारी त्यांची सून मनिषा पोलीस ठाण्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. कॅलेंडर गेल्या वर्षाचं होतं.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "मावशी, ठाण्यात बोलताना जरा जपून. हा पंचनामा हाय. दोन पंचांच्या सह्या हायत." कागदावर बोट ठेवून त्यांनी वाचलं, "'मयताच्या अंगावर दागिना नाही.' आणखी काय पायजे?"

"मढं घरी आलं तवा बोटावर पांढरा वळ होता. अंगठीचा. पोरगा उन्हात राबणारा, साहेब. वळ खोटं बोलत न्हाई."

"वळाचा काय पुरावा असतो व्हय?" साहेबांनी बाकड्यावर बसलेल्या सिद्धोधनकडं मान उडवली. "ह्याला त्यासाठीच बोलावलंय. जाग्यावरचे फोटो ह्यानंच काढले. सांग रे फोटोवाल्या, होती का अंगठी?"

सिद्धोधनचा स्टुडिओ बसस्टँडसमोर. ठाण्याचा कॅमेरा कायमचा बिघडलेला, म्हणून लग्नाचा फोटोवाला तोच मढ्याचा फोटोवाला. सकाळी हळद, दुपारी पंचनामा, असे दिवस त्यानं कैक काढलेत. मढं बघून त्याला आता काही होत नाही. त्या दिवशीही झालं नाही. नदीच्या रस्त्यावर वाळूच्या टिप्परनं उडवलेला कस्तुराबाईंचा योगीराज पालथा पडला होता, एक हात डोक्याच्या वर. टिप्पर कागदावर 'अज्ञात'. सिद्धोधनला आधी माणूस ओळखू आला नाही. अंगठी ओळखू आली.

कारण तीच अंगठी साखरपुड्याला त्यानं अर्धा तास घोळवली होती. कस्तुराबाईंनी सासूची पाटली आटवून दोन अंगठ्या केल्या, एक पोराला, एक सुनेला. पाटलीवरची वेल सोनाराकडून तशीच पुन्हा कोरून घेतली. पोखर्णीला, देवळाच्या आवारात, सिद्धोधननं दोन्ही अंगठ्या फुटलेल्या कापसाच्या बोंडावर ठेवल्या. सोन्याचा फोटो काढायची एक पंचाईत असते. अंगठी आरशासारखी, तिच्यात फोटो काढणाराच दिसतो, कॅमेऱ्यासकट. म्हणून तो पांढऱ्या पुठ्ठ्याला भोक पाडतो, त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढतो नि आपण मागं लपतो. मग सोन्यात नुसता पांढरा उजेड उतरतो.

मनिषा तेव्हा हसली होती. "भाऊ, अंगठीला लाजायलाव का?"

अपघाताच्या दिवशी रस्त्यावर पुठ्ठा नव्हता. तरी हात सवयीनं चालला. तो गुडघ्यावर बसला, उन्हाची बाजू बघितली, बोट मधोमध घेतलं. साहेब वरून वाकून म्हणाले, "मढ्याचा अल्बम करायलास का रे?" संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड मागून घेतलं, ठाण्याच्या कम्प्युटरला लावलं. "हा एक नको, उगं गर्दी," म्हणत बटण दाबलं. बाकीचे चार फाईलला लागले.

बटण दाबलेल्या त्याच बोटांत साहेब आता पेन फिरवत होते.

"बोल की. लग्नात ड्रोन उडवतोस ना? परवानगी कोण देतं?"

सिद्धोधनला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. रागही आला नाही. दाढ काढताना सुईनं जबडा बधिर होतो, तसं सगळं अंग झालं होतं. दुखत नाही, पण काहीतरी उपटतायत एवढं कळतं.

"साहेब," तो म्हणाला, "लग्नाचा फोटोवाला कॅमेऱ्यात दोन कार्डं घालतो. एकदा बटण दाबलं की फोटो दोन्हीवर पडतो. एखादं कार्ड गेलं तर नवरीचा बाप जीव घेईल ना. तुमी एकच बघितलं."

पेन थांबला.

त्यानं पाकिटातून फोटो काढून टेबलावर ठेवला. अल्बमच्या जाड कागदावर काढलेला, मोठा. वाईट फोटो छापायला त्याचा हात धजावत नाही. धुळीतलं बोट, नखात माती, आणि अंगठीवरची वेल पानापानांसकट. उन्हाचा एक कण तिच्या कडेवर बरोबर बसलेला. पुठ्ठा नव्हता, म्हणून सोन्याच्या फुगीर पाठीवर जे समोर होतं ते सगळं उतरलं होतं. आभाळाची चिंधी. बाभूळ. कॅमेरा धरून बसलेला काळा ठिपका. आणि त्याच्या डोक्यावर वाकलेला खाकी.

कस्तुराबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत खाली ठेवला.

पंख्याच्या वाऱ्यानं फोटोचा कोपरा उचलला. साहेबांनी हात लांबवला. त्याच्या आधी मनिषानं आपला तळवा फोटोवर ठेवला. तिच्या बोटातही तीच वेल होती.

"लय चांगला आलाय फोटो," ती म्हणाली. तेरा दिवसांत तिनं तोंड उघडलं ते हे. "ह्या बारीला लाजला न्हाईत, भाऊ."

मग ती साहेबांकडं वळली. तळवा तसाच.

"अंगठी कुठं हाय?"