ढोल्याच्या जागी

ढोल्याच्या धाकट्या भावाच्या पोटावर दोन उशा बांधल्या, वरून ढोल्याचाच पट्ट्यापट्ट्यांचा कोट चढवला आणि तोंडाला मैदा फासला. काम संपवून मेकअपवाला जरा लांब सरकला, त्याने वळून पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ढोल्या गेल्या आठवड्यात गेला, झोपेतच. सिनेमा जवळजवळ पुरा झाला होता. राहिलं होतं ते बेकरीतल्या गाण्याचं शेवटचं कडवं. ते झालं नाही तर सिनेमा डब्यातच पडून राहणार होता, आणि काडी-ढोल्याच्या विनोदी जोडीचा यापुढे दुसरा सिनेमा काही येणार नव्हता. म्हणून धाकटा पोस्टातून रजा काढून आला होता. बिचारा आपल्या लग्नातही नाचला नव्हता.

"माखलेलं तोंड प्रेक्षकाला कुठून ओळखू येतंय?" दिग्दर्शक म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती.

गाणं लागलं. काडीने लाटणं हाणलं, धाकटा मैद्याच्या ढिगात धपकन बसला. अगदी बरोबर. काडीने त्याला उठवायला हात पुढे केला. इथे ढोल्या तो हात असा काही खेचायचा, की काडी भुईसपाट आणि प्रेक्षक हसून बेजार. पण धाकट्याने हात नीट धरला, बेताने उठला आणि कोट झटकला.

"कट! अहो, खेचायचं! पाडायचं त्यांना!"

"कसं पाडू?" धाकटा ओशाळला. "काडीभाऊंचे गुडघे गेलेत. दादा घरी सांगायचा ना. म्हणून तर तो खेचता खेचता स्वतः खाली सरकायचा. म्हणायचा, माझ्या पोटावर पडला की लागत नाही त्याला."

काडीला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं आपणच अंदाज साधून पडतो, अशी त्याची समजूत होती, आणि चारचौघांत तो ते मिरवायचाही.

"खेच रे," तो म्हणाला. "त्याच्यासारखाच खेच."

पुन्हा गाणं. लाटणं, मैदा, हात. धाकट्याने डोळे मिटून खेचलं. काडी त्याच्या पोटावर आदळला, उशा दबल्या, मैद्याचा लोट उठला.

"ओके!" दिग्दर्शक ओरडला. दिवेवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

काडी उठला नाही. उशीत तोंड खुपसून तसाच पडून राहिला. दिवेवाले हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत वाढवतोय.

"भाऊ, उठा," धाकटा हळूच म्हणाला. "झालं ते. ओके झालं."

"मी आपणहून कधी उठलोच नाही रे," काडी म्हणाला. "तो ढकलायचा."