घरीसुद्धा फ्रेंचच

"आई, तिच्याशी मराठीत नका ना बोलू, वर्गात मागे पडते ती," सुनेने कुरकुर केली. नात नुकतीच फ्रेंच शाळेत जाऊ लागली होती आणि घरीसुद्धा फ्रेंचच बोला, असं बाईंनी बजावलं होतं. त्या दिवसापासून नातीसमोर आजीने तोंडाला कुलूप लावलं. वेणी घालणं, भरवणं, लाड, सगळं खुणांनीच.

नात दुसरीत गेली, तेव्हा पालकसभेत बाईंनी आजीचे हात हातात घेतले आणि हळहळून काहीतरी म्हणाल्या. घरी येताच आजीने सुनेला अडवलं.

"सांग की गं, काय म्हणाल्या?"

"तुम्ही जन्मापासून मुक्या आहात, असं सांगितलंय तुमच्या नातीने शाळेत."

आजीने कोट खुंटीला अडकवला.



"जन्मापासून नाही म्हणावं त्यांना. तुमच्या शाळेपासून."