हालग्रेनांच्या घरातील स्पॅनिश

खालच्या चौकात गुनिलाने क्रियापदाचा काळ पुन्हा चुकवला आणि औषधांच्या दुकानाचा मालक फर्मीन मनापासून हसला. गॅलरीत उभ्या असलेल्या योरान हालग्रेनने दोन्ही गोष्टी टिपल्या. त्यांपैकी चूक त्याने माफ केली असती.

स्वीडनमध्ये त्याने आयुष्यभर लॅटिन शिकवले होते. निवृत्तीनंतर बायकोला, गुनिलाला, घेऊन स्पेनच्या अरागोन प्रांतातल्या या गावी येताना त्याची खात्री होती, की स्पॅनिश ही लॅटिनचीच वाया गेलेली लेक आणि तिला वळण लावायला फारसा वेळ लागणार नाही. लागलाही नाही. त्याचे व्याकरण निर्दोष झाले. त्याचे वाक्य संपेपर्यंत गावकरी प्रवचनाला थांबावे तसे थांबत, “हो, प्रोफेसर” म्हणत आणि वाटेला लागत. गुनिला मात्र मोडकेतोडके बोलून भाजीवालीकडून पार्स्लीची जुडी फुकट मिळवी, वर चार टोमणेही. इथे टोमणे आपल्या माणसालाच मारतात. योरानला अजून कोणी एकही मारला नव्हता.

घरात फक्त स्पॅनिश बोलायचे, हा नियम त्याचा. तिचे प्रत्येक वाक्य तो दुरुस्त करी. अलीकडे घरात चुका होत नसत, कारण ती बोलतच नसे. तो स्वतः शब्दकोशांसह दुसऱ्या खोलीत झोपायला गेला होता. त्याला वाचनासाठी दिवा लागे.

दुपारच्या जेवणानंतर ती चौकातल्या फर्मीनच्या टेबलावर पत्ते खेळायला जाऊ लागली. फर्मीन विधुर होता, केसांना तेल लावी आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही वाचत नसे. त्या माणसात असे काय आहे, असे योरानने शक्य तितक्या तटस्थपणे विचारले.

“तो मला वाक्य पुरं करू देतो,” ती म्हणाली.

समोरची रेमेदिओस तर वाळत घातलेल्या कपड्यांआडून उघडच बोलली. “फर्मीन म्हणजे सोन्यासारखा माणूस हो, प्रोफेसर. नशीब काढलंत तुम्ही. आता तुमच्या जेवणाचं तेवढं बघायला हवं. माझी एक आतेबहीण आहे, विधवा. मसूर अशी शिजवते की ही सगळी पुस्तकं विसराल.”

तो आत वळला. या देशात फसवल्या गेलेल्या नवऱ्याला शिंगे फुटतात असे मानतात. दाढी करताना योरानला ती आरशात दिसू लागली होती. त्याला अपेक्षा होती ती निदान कुजबुजण्याइतक्या सभ्यतेची. गावाने तीही दाखवली नव्हती.

त्याने एक भाषण रचले, उपहास आणि संकेतार्थी क्रियापदे यांनी काठोकाठ भरलेले. गुनिला गेली, तर त्याच्याशी बोलणारे जगात कोणी उरणार नव्हते. हे वाक्य मात्र त्याने कोणत्याच भाषेत रचले नाही.

रविवारी गुनिला बाहेर गेली असताना फर्मीन आपणहून आला. काळा सूट, चकचकीत बूट, हातात दोरीने बांधलेला केकचा खोका.

“आपण या घरात कोणत्या तोंडाने पाऊल टाकलेत?” योरानने आरंभ केला.

“बरोबर आहे तुमचं. मी आधीच यायला हवं होतं,” फर्मीन म्हणाला. “तीच म्हणाली, त्याला इतक्यात सांगू नकोस. पण चोरून करणं माझ्या रीतीत बसत नाही. मला गुनिलाशी लग्न करायचंय. तिच्या माणसांपैकी इथे तुम्हीच आहात. तुमचा होकार हवा.”

भाषण संपले होते, एकाच वाक्यात. योरान खुर्चीत बसला.

“मी तिचा कोण आहे, असे आपण समजता?”

“सगळं गाव जाणतं की.” फर्मीनने खोका जपून टेबलावर ठेवला. “आमच्याकडे बायको मरेपर्यंत बापाचंच आडनाव लावते. तुमच्या दारावर दोघांचं आडनाव एक. म्हणजे भाऊबहीण. दिवेही दोन खोल्यांत जळतात, रेमेदिओसला दिसतात.”

योरानच्या जिवात जीव आला. म्हणजे हे सारे एक अज्ञान होते, आणि अज्ञान हा तर त्याचा व्यवसाय. “गृहस्था,” तो जवळजवळ मायेने म्हणाला, “आमच्या देशात आडनावाची रीत निराळी आहे.”

“ठाऊक आहे मला. दुकानात परदेशी माणसं येतात, त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या मी वाचतो, नवराबायकोचं आडनाव एकच असतं. गावाला नसली, तरी मला शंका होती. म्हणून पत्ते खाली ठेवून मी गुनिलालाच सरळ विचारलं, हा तुझा नवरा तर नाही ना? ती बराच वेळ वर तुमच्या गॅलरीकडे बघत होती. मग म्हणाली, छे, भाऊ आहे तो माझा.”