वैजयंतीची भूक

वजनाचा काटा या महिन्यातही वर सरकला, तेव्हा डॉक्टर पेंढारकरबाईंनी वैजयंतीकडे चष्म्यावरून पाहिलं. "काय खाल्लंस?"

"अक्षतांसाठी ठेवलेले तांदूळ शिजवले," वैजयंती ओशाळून म्हणाली.

गरोदर बाईच्या अंगात तयार होणारं संप्रेरक रोज टोचून घेतलं की भूक मरायची, दिवसाकाठी खाण्याच्या एका छोट्या पाकिटावर भागायचं. सगळं गाव त्यावरच सडपातळ झालं होतं. भूक लागत होती ती एकट्या वैजयंतीला.

"डोस वाढवू. पाकीट अर्धं करू."

"मॅडम, मला दिवस तर गेले नसतील?"

"या इंजेक्शनवर पाळी चुकतेच. आणि चाचणी म्हणशील, तर ती हे टोचून घेणाऱ्या पुरुषांनाही गरोदर ठरवते."

"ही भूक माझी नाही, मॅडम. पोटात काहीतरी हलतंय."

तिची समजूत घालायची म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र तिच्या पोटावर टेकवलं. पडद्यावर काड्यांसारख्या हातापायांचं बाळ हललं.

डॉक्टर ताडकन उठल्या. "सिस्टर, हिला आधी पोटभर जेवायला आणा!"

सिस्टर दारापर्यंत धावल्या आणि तिथेच थबकल्या.

"आणू कुठून, मॅडम? गावातली शेवटची खाणावळ बंद होऊन वर्ष झालं."