नावं नकोत

“एकच कॉट रिकामी आहे,” सर म्हणाले. “बोल. नावं नकोत.”

अतिदक्षता विभागात हा त्यांचाच नियम होता. नाव ऐकलं की निर्णय लुळा पडतो, असं त्यांचं म्हणणं. वय, श्वास, रक्तदाब, बस्स. टेबलावर पालथा ठेवलेला त्यांचा मोबाइल घरघरत होता. निर्णय चालू असताना ते तो कधीच उचलत नसत.

त्यांची सहायक डॉक्टर खालच्या तातडीच्या कक्षातून नुकतीच वर आली होती. गेल्या वर्षी याच टेबलाशी तिने “सर, या पेशंट माझ्या...” म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि सरांनी हात वर केला होता. “नातं नको, रक्तदाब सांग.” तिने सांगितला. आईला वर घेतलं नाही. खालच्या मजल्यावरच आईने प्राण सोडला.

“पहिला पुरुष, एकतीस. कारखान्यातला धूर छातीत गेलाय. एरवी धडधाकट.”

“दुसरा?”

“बाई, अठ्ठावन्न. न्यूमोनिया, जंतू रक्तात पसरलेत. ताप अंगावर काढला. घरच्यांनी साधा ताप म्हणून झटकून टाकलं.”

“काय दिवटे आहेत घरचे! आणलं कोणी मग?”

“शेजाऱ्यांनी. घरचे फोन उचलत नाहीयेत.”

“मुलगा वर. बाई खाली.”

“सर, त्या शुद्धीवर आहेत. माझा हात सोडत नव्हत्या. एकदा खाली येऊन बघता?”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “का गं? तुझी कोण लागते?”

“माझी कोणीच नाही.”

“मग कशाला जीव टांगून घेतेस? आपण वर घेतलं नाही म्हणून माणूस लगेच वर जात नाही.”

हा विनोद त्यांनी गेल्या वर्षीही केला होता. तेव्हाही तिने तो ऐकून घेतला होता.

“पुन्हा विचारते, सर. नक्की?”

“एकदा सांगितलं ना! नियम म्हणजे नियम.”

तिने भिंतीवरचा फोन उचलला. “मुलाला वर घ्या.”

लिफ्टचं दार उघडलं, चाकं खडखडत आली. काचेपलीकडे शेवटची कॉट भरली. नळ्या लागल्या, यंत्राची टिकटिक सुरू झाली. तोवर ती जागची हलली नाही.

“झालं,” सर म्हणाले. “आता त्या बाईच्या माणसांना सांग. आणि शिकवलंय तसं. उभ्या उभ्या नाही. खुर्ची ओढायची, समोर बसायचं, आधी नातं विचारायचं.”

“हो, सर.”

पालथा मोबाइल पुन्हा घरघरला. ती दाराकडे वळली नाही. तिने खुर्ची ओढली, सरांच्या समोर बसली, आणि अगदी शिकवल्याप्रमाणे, मऊ आवाजात विचारलं,

“पेशंटचे मिस्टर तुम्हीच ना?”