रिलीव्हर

निवृत्त झालोय हे विसरून बाबा रोज ड्यूटीला निघत. परवा इलाइट चौराह्यावर गाड्यांच्या मधोमध सापडले. म्हणून शारदानं लॅपटॉपवरच त्यांचं रेल्वे रिझर्व्हेशनचं जुनं टर्मिनल उभं केलं: काळा पडदा, हिरवी अक्षरं, खटखट वाजणारा कीबोर्ड. बाबा बसले, ते दुपार झाली तरी उठेनात. इन्सुलिन घेतलेलं, पोटात काही नाही, बोटं थरथरू लागली.

"बाबा, जेवून घ्या ना!"

"पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय खिडकी सोडता येत नाही."

शारदा खोलीबाहेर गेली आणि दार वाजवून परत आत आली. "जनार्दनजी, उठिए. चार्ज मुझे दीजिए."

बाबांनी हुश्श करत खुर्ची दिली, चपला चढवल्या आणि थेट रस्त्याकडं निघाले.

"अच्छा हुआ आप आ गईं. घर पे शारदा भूखी बैठी होगी."